रुपीबाईच्या विहिरीचं पाणी

पैनगंगेकडच्या जंगलात एक जुनी विहीर शोधायची, तिचं बाटलीभर पाणी घ्यायचं आणि ते दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर रुपीबाईला नेऊन द्यायचं, एवढीच आमची मोहीम! ती विहीर तिच्या नवऱ्यानं खणलेली. बैलांच्या पाठीवर मीठ लादून तांडा त्या वाटेनं जायचा, तेव्हाची गोष्ट. आता नवरा राहिला नव्हता आणि म्हातारीचे पायही थकले होते. "मराच्या आधी ते पानी एकदा जिभेवर पडू दे," एवढंच तिनं मुलाजवळ मागितलं. पूनमसिंगानं याडीला, म्हणजे आईला, शब्द दिला.

पूनमसिंग माझा जिवाभावाचा दोस्त. मी डोमाजी, दिग्रसला माझं सायकलचं दुकान. छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला सायकलनंच गेलो-आलो होतो, म्हणून सायकलवरच्या या मोहिमेला येतोस का, असं मला कुणी विचारलंही नाही, धरूनच चालले. तिसरा पंजाबराव, तालमीतला पहिलवान. समोरून येताना दिसला की म्हैससुद्धा वाट सोडायची!

एकसष्ट सालच्या पौषात पहाटे तांड्यावरून निघालो. पंजाबरावनं तुपाचे लाडू रेटून वर तांब्याभर दूध रिचवलं. रुपीबाईनं तिघांना गूळ-फुटाण्यांच्या पुरचुंड्या दिल्या.

"भूक लागाच्या आधी खा बाप्पा," ती म्हणाली. "लागल्यावर खाल्लं त उशीर होते. आमी बैलामांगं असंच चालत होतो."

"मले नाही लागत, माय! सायकल चालवाची का दाने चघळाचे?" म्हणत पंजाबरावनं आपली पुरचुंडी पूनमसिंगाच्या खिशात कोंबली.

पुसद मागे पडेपर्यंत गडी आमच्या पुढेच. आम्ही प्रत्येक चढाआधी मूठभर फुटाणे तोंडात टाकायचो आणि तो मागे वळून वळून हसायचा. पुढे सडक संपली, गाडवाट लागली, मग तीही सागाच्या वाळलेल्या पानांखाली हरवली. नाल्यात सायकली खांद्यावर घेतल्या. थंड सावली, उन्हाचे कवडसे आणि चाकांखाली पानांचा चुरचुर आवाज. मला तर त्या दिवशी कशाचीच घाई वाटेना.

दुपारी विहीर सापडली! दगडी पायऱ्या ढासळलेल्या, पण तळाशी पाणी होतं. पूनमसिंगानं ओंजळ तोंडाला लावली आणि त्याचं तोंड वाकडं झालं. पाणी मचूळ होतं.

"याडी त म्हने लय गोड होतं," तो हिरमुसून म्हणाला.

तरी बुचाची बाटली भरली, फडक्यात गुंडाळून हँडलला बांधली. प्यायला छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवीही भरून घेतली. एवढ्यात बोरीच्या झुडपाआड सळसळ झाली.

अस्वल! बोरं खाता खाता ते दोन पायांवर उभं राहिलं.

"पळ बे!" पूनमसिंग ओरडला.

सायकली ढकलत पळालो! काटे, दगड, खड्डे, काही पाहिलं नाही. थांबलो तेव्हा छागल फाटून पाठीमागे ओली रेघ उरली होती. परत विहिरीवर जाण्याची सोय नव्हती.

पुढच्या चढावर पंजाबरावची सायकल डुलली. मग तोच आडवा झाला. हातपाय थरथरत होते, अंगाला गार घाम, आणि बडबड तर भलतीच. "कुस्ती सोडवा रे," म्हणत होता! पहाटेचे लाडू अंगात कधीच जळून गेले होते. तोंडात फुटाणे घातले, पण कोरड्या तोंडातून ते खाली उतरेनात. दिवस कलला होता आणि अस्वल मागेच होतं.

पाणी उरलं होतं ते फक्त बाटलीत. ते मागायचा मला धीर होईना.

पूनमसिंग क्षणभर बाटलीकडे पाहत राहिला. मग त्यानं फडकं सोडलं. "याडीले काय सांगाचं ते मी पाह्यतो. पह्यले हा उठला पाह्यजे!"

गूळ चुरून बाटलीत घातला, खळाखळा हलवला आणि घोट घोट पाजला. थोड्या वेळानं पंजाबरावनं डोळे उघडले. "मी झोपलो होतो का?" त्यानं विचारलं. मी त्याला शिवी हासडली आणि मग रडलोच.

मग मात्र तो दर चढाला फुटाण्यांसाठी आपण होऊन हात पुढे करायचा!

तांड्यावर पोचलो तेव्हा बरीच रात्र झाली होती, रुपीबाईच्या दारात दिवा जळत होता. पूनमसिंगानं रिकामी बाटली आईच्या हातात दिली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. रुपीबाईनं बाटली तोंडावर उलटी केली. तळाशी अडकलेले दोन-चार थेंब जिभेवर पडले. तिनं डोळे मिटले.

"हेच!" ती म्हणाली. "हेच ते पानी!"

"आवं, पन त्यात गूळ हाय, याडी. इहीर त मचूळ हाय."

"मचूळच होती बापा. तुह्या बापानं खनली अन् पानी मचूळ लागलं. मंग तो काठावर गुळाची ढेप ठेवे. थकून आला त्याले कालवून पाजे. मलेही तसंच पाजलं होतं." तिनं बाटली पदराखाली धरली. "नुसतं पानी आनलं असतं त मी म्हनली असती, भलत्याच इहिरीचं आनलं!"