डेन्झिलचं थांबणं

डोळ्यांसमोर एक स्वयंपाकघर आणा, मुलांनो. खिडकीबाहेर न्यूलिन गावाचं बंदर, छपरावर भांडणारे समुद्रपक्षी, टेबलावर सकाळच्या पावाचा चुरा. आणि टेबलाखाली बसलेला डेन्झिल. तिसरं वर्ष उलटलं, तरी त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

त्याची बहीण मेरिन शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा एक विषय इंग्रजी भाषा. त्यात गोष्टी-कविता नसत. माणसं बोलतात कशी, ते शिकायचं. घरातल्या कुणाचं तरी बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करायचं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. कोण कुठे अडलं, किती थांबलं, तेही टिपायचं. मेरिनने डेन्झिलला निवडलं.

"तो बोलत नाही, आणि तू त्याचं बोलणं लिहिणार?" आई थकल्या आवाजात म्हणाली.

"न बोलणंही लिहिता येतं गं."

तो कधी बोलेल का, हा प्रश्न त्या घरात कुणी मोठ्याने विचारत नसे.

आठवडाभर फोनमध्ये नुसती नळाची टपटप आली. मग एका दुपारी पावसाची सर आली, तशा मायलेकी वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात धावल्या. फोन टेबलावर चालूच राहिला.

संध्याकाळी मेरिनने आईसोबत ते ऐकलं. टपटप. पक्षी. आणि मग एक बारीक, स्वच्छ आवाज.

"ही बोट कुठे जाते?"

शांतता.

"मग परत कधी येते?"

शांतता. मग खुदकन हसणं. "नाही, ती माझी आहे!"

आईने तोंडावर हात दाबला. "बोलतोय गं! माझं लेकरू बोलतंय!" ती रडली, हसली, डेन्झिलला उचलून गरगर फिरली. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

मेरिनने सगळं उतरवलं, मधल्या शांततेसकट. शाळेत ट्रेम्बाथबाईंनी कागद वाचून चष्मा काढला.

"काम झकास झालंय. पण मोठ्या माणसाचं बोलणं का गाळलंस?"

"तिथे कुणी नव्हतं, बाई. तो एकटाच होता."

"एकटं बडबडणारं मूल असं थांबत नाही गं. हे बघ. विचारतो, थांबतो, मिळालेल्या उत्तराला धरून पुढचं विचारतो. कुणीतरी त्याला बोलायला शिकवतंय." बाई हसल्या. "आणि फार मायेने शिकवतंय."

मेरिन घरी आली. आई गुणगुणत मासे तळत होती. किती दिवसांनी! मेरिन टेबलाखाली बसलेल्या डेन्झिलकडे वाकली.

"डेन, तुला बोलायला कुणी शिकवलं रे?"

डेन्झिलने तिच्यापुढे इवलासा तळहात धरला.

"थांब, मेरी. आता तिची पाळी."

मेरिन थांबली.

एखादं वाक्य बोलायला लागतो, तेवढाच वेळ गेला.

"बरं," डेन्झिल म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "ती म्हणते, तू पण ये."

मग तो भिंतीकडे सरकला आणि मेरिनसाठी त्याने जागा करून दिली. अगदी आपल्या शेजारची नाही. मधली एक सोडून, पलीकडची.