गाळलेली पानं

दोन हात एकाच पुस्तकावर पडले आणि दोघांपैकी एकानेही मागे घेतला नाही.

"माझा आधी पडला," ती म्हणाली.

"माझा खाली आहे," तो म्हणाला. "मग आधी कुणाचा पडला असेल?"

तिने खाली पाहिलं. त्याचा हात खरोखरच खाली होता. बाही कोपरापर्यंत ओली, आणि त्या बाहीला तळ्याचा मंद, हिरवट वास. पटकन हात काढून घ्यायला हवा होता... पण मग पुस्तक गेलं असतं. हात न काढायला एवढं कारण तिला पुरलं.

पुस्तकाचं नाव 'हिरवी साय'. एका तळ्यावर रातोरात हिरवा थर चढतो, मासे मरायला लागतात आणि एक शास्त्रज्ञ बाई त्याचा माग काढत निघते, अशी ती रहस्यकथा. अख्ख्या गावाला तिचं वेड लागलं होतं, कारण गावाला स्वतःचंही एक तळं होतं. ते वाचनालयाच्या खिडकीखालीच धुकं पांघरून पडलेलं असायचं.

टेबलामागे बसलेली ग्रंथपाल तिची सख्खी मावशी. कोण न वाचताच 'छान आहे हो' म्हणतो आणि कोण शेवटचं पान आधी वाचतो, हे मावशीला चेहऱ्यावरून कळायचं. तिने चष्म्यावरून एकमेकांवर ठेवलेले ते दोन हात पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले.

"इथली रीत ठाऊक आहे ना? चर्चेचं पुस्तक असलं की एक प्रत दोघांत. आळीपाळीने वाचायचं आणि चर्चेत मत द्यायचं ते दोघांनी मिळून, एकच. प्रत्येकाचं वेगळं ऐकत बसले तर मी घरी कधी जाणार?"

"यांच्याबरोबर? मावशी!"

"लग्न लावत नाहीये तुझं. पुस्तक वाच म्हणतेय."

तो हसला आणि त्याच्या गालावर एका बाजूला खळी पडली. एकाच बाजूला. हे तिने पाहिलं. लग्नाचे फोटो निवडून अल्बम लावायचे, हे तिचं समोरच्या स्टुडिओतलं काम, तेव्हा चेहऱ्यांकडे लक्ष जायचंच. त्यात तिचा काय दोष!

तो तळ्याचं पाणी तपासायला आला होता. बाटल्या भरायच्या, प्रयोगशाळेत न्यायच्या, अहवाल लिहायचा आणि पुढच्या तळ्यावर जायचं. गावात सगळे त्याला 'पाणीवाले' म्हणत.

मग रोज संध्याकाळी तळ्याच्या धक्क्यावरच्या बाकावर पुस्तक हातपालट होऊ लागलं. त्याच्याकडून यायचं तेव्हा पानं किंचित दमट असायची. तिच्याकडून जायचं तेव्हा आत अल्बमच्या सोनेरी कागदाचा एखादा कपटा राहिलेला असायचा. विसरून... असं ती म्हणायची.

"मासे पहाटेच का मरतात हो?" तिने एकदा विचारलं. "दिवसा का नाही?"

"शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं. रात्री पाण्यातला तोच ओढून घेतं. पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही."

"दिवसा सगळ्यांसमोर द्यायचं आणि अंधार पडला की परत घ्यायचं? असे नवरदेव आमच्याकडे पुष्कळ येतात."

तो इतका हसला, की पाण्यावरचा बगळा उडाला.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "ती शास्त्रज्ञ बाई त्या नाववाल्याला काही सांगत का नाही? त्याचा कोट वाळत घालते, त्याच्यासाठी दिवा लावून ठेवते... तोंड उघडायला काय होतं?"

"फोटोग्राफर सगळ्यांना 'इकडे बघा' म्हणतो ना," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तेव्हा एखादाच तिकडे बघत नसतो. कुणाची तरी पिन सुटलीय का, कुणाला ऊन लागतंय का, ते बघत असतो. खरं काय ते त्याच्याच चेहऱ्यावर असतं. असे फोटो बिघडलेले म्हणून अल्बममधून काढून टाकते मी."

"फेकून देता?"

"नाही..." ती थांबली. "ठेवते जपून."

पुस्तक बाकावर मधोमध पडून होतं, आणि मधली जागा मात्र रोज थोडी कमी होत चालली होती.

चर्चेच्या आदल्या संध्याकाळी त्याने पुस्तक न उघडताच तिच्या हातात दिलं.

"वरून विचारणा आलीय," तो म्हणाला. "या तळ्यावर कायमचा माणूस नेमायचाय. उद्या रात्रीपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. नाही म्हटलं, तर परवा निघायचं."

"मग? काय कळवणार?"

"ठरत नाहीये. म्हणजे... थांबावं असं इथे कुणी... काही..."

वाक्य तिथेच राहिलं. ते पुरं करायला तिला एक शब्द पुरला असता. शब्द ओठांपर्यंत आलाही, पण दिवसभर दुसऱ्यांच्या हसऱ्या जोड्या लावणाऱ्या बाईला स्वतःसाठी तो ऐन वेळी बाहेर काढता येईना. "मावशी वाट बघत असेल," म्हणून ती पुस्तक घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी वाचनालय गच्च भरलं. दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको आधी उभे राहिले. "पुस्तक भयंकर आहे," बायको म्हणाली. "मला झोप आली नाही."

"मला आली," डॉक्टर म्हणाले.

"दोन मतं चालणार नाहीत!" मावशीने टेबलावर टिचकी मारली. "खाली बसा. आता तू आणि हे पाणीवाले. शेवट कसा वाटला?"

"छान!" दोघं एका सुरात म्हणाली.

"काय छान?"

"तळं वाचतं ते," ती म्हणाली. "कारखान्याचा चोरटा नळ सापडतो, सांडपाणी थांबतं, साय विरते..."

"नळ?" तो तिच्याकडे वळला. "कुठला नळ? शेवटी नाववाला कायमचा निघालेला असतो, आणि ती धक्क्यावर येते."

"नाववाला जातो? कुठे?"

मावशीने चष्मा काढून हातात घेतला.

"खरं बोला. कुणी काय गाळलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "दिवसभर तेच शेवाळ बाटलीत बघतो हो. पुन्हा पुस्तकातही कोण वाचणार? शास्त्राची पानं सोडली मी."

"आणि तू गं?"

"दिवसभर नवरा-नवरीच बघते, मावशी. प्रेमाची पानं दिसली की उलटायची मी..."

हशा पिकला. निवृत्त हेडमास्तर मागून ओरडले, "दोघांत मिळून एक वाचक झाला की हो!"

"मत एकच हवं," मावशी ढिम्म होती. "बाहेर जा, ठरवा आणि मग या."

बाहेर पायऱ्यांवर धुकं उतरलं होतं. दारावरच्या दिव्याभोवती त्याचं पिवळं वलय झालं होतं. तिच्या हातात पुस्तक होतं, पण तिने ते उघडलं नाही.

"शेवटी ती त्याला काय म्हणते? धक्क्यावर?"

तो तळ्याकडे वळला.

"म्हणते... थांब."

"एवढंच?"

"एवढंच. आणि तो थांबतो."

तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने दिव्याखाली शेवटची पानं उलटली. तो घाईने पुढे झाला, "आत्ता नका ना बघू—" पण तिने वाचलं होतं. पुस्तकातली बाई म्हणते, 'जा. तुझी नाव तयार आहे.' आणि नाव धुक्यात दिसेनाशी होते.

"इथे तर ती 'जा' म्हणते."

"हो."

"खोटं सांगितलंत मला."

"लेखकाचा शेवट चुकलाय," तो हळूच म्हणाला. "मला तो पहिल्यांदा वाचला तेव्हापासून पटलेला नाही."

"मग बरोबर काय, ते तुम्हीच सांगा."

"मी एकट्याने कसं सांगू? मत दोघांनी मिळून द्यायचंय."

आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. तळ्यावर कुठेतरी एक मासा उसळला, पाणी हललं आणि पुन्हा निवांत झालं. तिने पुस्तक मिटलं. त्याची ओली बाही अलगद धरली — पहिल्या दिवशी तिने न काढलेल्या हातानेच.

"थांब," ती म्हणाली.

एवढंच. आणि तो थांबला.

दोघं आत आली तेव्हा मावशीने आधी हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्यांकडे.

"ठरलं?"

"हो," ती म्हणाली. "शास्त्र चोख आहे. शेवट चुकलाय. आम्ही तो दुरुस्त केलाय."

"बरं." मावशीने चष्मा परत चढवला. "प्रत तुमच्याकडेच राहू दे. त्याची राहिलेली पानं तू वाचून दाखव, तुझी तो दाखवेल. परत करायची घाई नाही."