दिराच्या फोनवरचा आवाज

"जरा हळू. मोहने गावातल्या शाळेपाशी थांबवा."

एवढंच म्हणाले मी. रिक्षा करकचून थांबली. शेजारच्या हौसाबाईंच्या टोपलीतले बोंबील थेट माझ्या मांडीवर.

रिक्षावाला वळला. मोठ्ठे डोळे… भूत पाहिल्यासारखे.

"तुम्हीच त्या! रोज सकाळी मला विचारता, पोट दगडासारखं कडक होतं का म्हणून!"

"अगो बाय!" हौसाबाई.

मी — गार.

सांगते. मी मेघाली. गरोदर बायकांच्या मोबाइलवर सकाळी दवाखान्याचं एक रेकॉर्डिंग वाजतं. दिवस भरायच्या आधी बाळंतपण सुरू होण्याच्या खुणा सांगणारं. तो आवाज माझा. ऐकणारं माणूस कधी भेटलं नव्हतं. भेटलं, तर त्याला मिशी!

"दवाखान्यात वहिनीसाठी माझा नंबर दिलेला," रिक्षा पुन्हा सुरू करत तो म्हणाला. "तिचा फोन बिघडलेला, भाऊ जहाजावर. मग माझाच राहिला. मी ऐकतो ना… दोन-दोनदा."

"दोनदा कशाला?"

"आवाज गोडाय."

कान तापले माझे. "नाव काय तुमचं?"

"जयेश."

"समोर बघा, जयेश."

"समोर ट्रक आहे. ट्रकमध्ये काय बघायचं?"

हौसाबाई तोंडावर पदर धरून खुसखुसल्या. मलाही हसू… मी उगाच विचारलं, "आणि वहिनी काय म्हणते, आवाज ऐकून?"

त्याने उगाचच हॉर्न वाजवला.

"जयेश?"

"तिला… ऐकवला नाही."

"एकदाही?"

"दीर आहे मी! अंगावरून पाणी जातंय का, हे वहिनीला विचारू? आईसमोर?"

हसू — कुठे गेलं?

"कितवा महिना?"

"सातवा."

"बरी आहे ना?"

"हो. म्हणजे… सकाळपासून कंबर धरून बसलीये. आई म्हणाली, गॅस असेल, ओवा चाव."

रेकॉर्डिंगमध्ये मी किती शांतपणे म्हटलं होतं: कंबर दुखायची थांबत नसेल, तर वाट पाहू नका.

"वाट पाहू नका!" मी किंचाळले. "घरी घ्या! आत्ता!"

"माझा बाजार मरू दे," हौसाबाई ओरडल्या, "पळव रे पोरा!"

कृतिका वहिनी उंबऱ्यात. ओठ पांढरे. मागे सासू. मी तोंड उघडलं, पण जयेश पुढे झाला. मान खाली, आवाज मात्र खणखणीत.

"वहिनी, पोट मधूनमधून कडक होतं का? पाणी गेलंय का?"

सासूबाईंचा हात कपाळावर गेला. वहिनी आधी दचकली. मग रडायलाच लागली.

"पाणी नाही… पण पोट होतं कडक, भावोजी. सारखंच. मला वाटलं, असंच असतं."

असंच असतं!

त्याच रिक्षातून दवाखाना. इंजेक्शनं. सलाईन. बंद दार. बाकावर मी, तो, आणि आमच्यामध्ये एका माणसाची जागा.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "कळा थांबल्यात. बाळ आतच आहे. मुक्काम मात्र इथेच."

जयेशने तोंड ओंजळीत लपवलं. मग बोटांआडूनच विचारलं,

"रागावलात?"

"खूप."

"बरोबर आहे." मग माझ्याकडे वळून — "आज आईसमोर जे बोललो, त्याहून अवघड आता काही उरलं नाही. म्हणून सांगतो… तुम्ही आवडता मला. फोनवरच्या नाही. मघाशी किंचाळलात ना, त्या."

मी… मला… छे!

मधल्या जागेवर त्याचा हात होता. मी तो धरला.

आतून वहिनीची हाक, "भावोजी, भूक लागलीये हो!"

आम्ही दोघंही ताडकन उठलो. हात कुणीच सोडला नाही.