एकेरी लाइन

राज्य सैन्यावर टिकत नाही, खजिन्यावर टिकत नाही. नागरिक आपापसांत काय बोलतात हे ज्याला ठाऊक असतं, तेच राज्य टिकतं. खात्याच्या दारावर हे वाक्य पितळी अक्षरांत लावलेलं होतं. नागरिक आपापसांत मुख्यतः पंखा चालू ठेवायचा की बंद, याबद्दल बोलतात, हे खात्याला कळून बरीच वर्षं झाली होती. पण तोवर पितळेचा खर्च होऊन गेला होता.

आत एक लांबट खोली. पडदे कायम ओढलेले, टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर एक कॉम्प्युटर आणि हेडफोन. ज्याच्या वाट्याला जे घर, त्या घराच्या इंटरनेटवरून वाहणारं सगळं त्याच्या कानात पडे: मेसेज, फोन, उघड्या राहिलेल्या टॅबसमोरची भांडणं. लाइन एकेरी होती. तिकडचं इकडे येई, इकडचं तिकडे जात नसे. टेबलांवर माइकच नव्हते.

खिडकीजवळच्या टेबलावर जो बसे, त्याला सगळे कानसेन म्हणत. कामात तरबेज. घरी एकटा. त्याच्याशी गप्पा मारणारं शेवटचं माणूस म्हणजे त्याची आई, आणि ती जाऊनही बराच काळ लोटला होता.

त्याच्या वाट्याचं घर संशयित ठरलं ते आजोबांमुळे. त्यांनी इंटरनेटवर विचारलं होतं, ‘आवाज न करता भिंत कशी फोडावी?’ त्यांना आजींची झोप न मोडता फोटोसाठी खिळा ठोकायचा होता. खात्याच्या यंत्राला भिंत कळली, झोप कळली नाही.

खात्यात नियम दोनच. ऐकताना हसायचं नाही. आणि आपल्याला कुणी ऐकतंय हे ज्या घराला कळलं, ते ताबडतोब वर कळवायचं. मग गाडी जाई. गाडीतून नेलेली माणसं पुन्हा कुठल्याच लाइनवर ऐकू आलेली नव्हती.

आजींचा टॅब जेवणाच्या टेबलावर दिवसभर उघडा असे. एका दुपारी आजोबांचा चष्मा हरवला.

“सूनबाई, तू उचललास का?”

“मला काय करायचाय तो, बाबा? मला दिसतंय सगळं.”

“अहो, डोक्यावर बघा,” आजी म्हणाल्या.

“डोक्यावर केस नाहीत, चष्मा कुठून येणार?”

अर्धा तास घर उलटंपालटं होत होतं. कानसेन कासावीस. सकाळी दुधाची पिशवी ठेवताना आजोबा ‘इथे ठेवतो, लक्षात राहील’ असं पुटपुटले होते, ते फक्त त्याने ऐकलं होतं. आणि मग त्याच्याकडून ती चूक झाली, जी केवळ त्याच्या धंद्यातल्या माणसाकडूनच होऊ शकते.

“फ्रीजमध्ये,” तो वैतागून म्हणाला.

तिकडे पावलं वाजली. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज.

“सापडला,” आजी म्हणाल्या. मग टॅबच्या अगदी जवळ येऊन, हळूच, “शहाणा आहेस हो.”

कानसेनने टेबलाखाली वाकून पाहिलं. माइक नव्हता. हेडफोन उलटसुलट करून पाहिले. नेहमीचेच. आजी सुनेला शहाणी म्हणाल्या असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. ‘शहाणा’ आणि ‘शहाणी’ यातला फरक त्याच्यासारख्या माणसाला कळत नव्हता असं नाही.

दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, “खोकला कोरडा वाटतोय. गरम पाणी पीत जा.” घरात कुणीच खोकत नव्हतं. कानसेनने गरम पाणी मागवलं.

मग ते रोजचंच झालं. पत्त्यांच्या डावात आजोबा पान लपवत आणि आजी विचारत, “बघितलंस ना तू?” विनोद झाला की सगळे थोडं थांबत, जणू आणखी एका हसण्याला जागा ठेवत. कानसेन त्या जागेत मनातल्या मनात हसे. तो इस्त्रीचे कपडे घालू लागला. घरी परतताना रस्त्यात गुणगुणू लागला. वर मात्र त्याने काही कळवलं नाही. कळवलं असतं तर गाडी गेली असती, आणि ते जेवणाचं टेबल कायमचं गप्प झालं असतं.

पण एकदा आजोबांनी स्वतःचंच लपवलेलं पान शोधायला सूनबाईची मदत मागितली, आणि कानसेन मोठ्याने हसला.

साहेब मागेच उभे होते. त्यांनी हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले.

“हे दुसरेच कुणी आहेत,” आजींचा आवाज आला. “यांचा श्वास जड आहे. जिना चढून आलात का हो?”

साहेब खरंच जिना चढून आले होते. त्यांनी हेडफोन खाली ठेवले आणि जावयाला बोलावलं.

जावई म्हणजे खात्याचा गाडीवाला अधिकारी. तो ज्या घरी जाई तिथे सगळ्यांना उठून उभं राहावं लागे, म्हणून ते नाव. हे नाव खात्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

कानसेनला जेवण गेलं नाही. दुपारी त्याने हेडफोन चढवले. दारावर थाप पडली. दार उघडलं.

“या जावईबापू,” आजी म्हणाल्या. “केव्हाची वाट बघतोय.”

किंकाळी नाही, धक्काबुक्की नाही. ताटं मांडल्याचा आवाज. थोड्या वेळाने जावयाचं हसणं, पोट धरून, लहान मुलासारखं.

“आजी, आजोबांनी पान लपवलं.”

जावई परत आला नाही. गाडीही नाही.

साहेब चिडून स्वतः गेले. आयुष्यात कधी हसले नव्हते ते साहेब संध्याकाळी लाइनवर गाणं म्हणत होते. सुरात.

मग शेजारच्या टेबलावरचा ‘जरा बघून येतो’ म्हणाला. मग त्याच्या पलीकडची. लाइनवर गलका वाढत गेला, इकडे खोली रिकामी होत गेली.

कानसेन साहेबांच्या केबिनमध्ये गेला. टेबल होतं, दिवा होता. टेबलामागे गालिच्यावर चार पायांचे खोल ठसे होते, पण त्यांच्यावर काही उभं नव्हतं.

त्याने मुख्यालयाला फोन लावला. लगेच उचलला गेला.

पलीकडे ताटं वाजत होती. कुणीतरी खूप मोठ्याने हसत होतं.

त्याने फोन ठेवला.

खिडकीजवळ येऊन हेडफोन चढवले. इतकं आनंदी घर त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याचे हात गार पडले होते आणि ओठ आपोआप हसत होते.

“तुम्ही कोण आहात?” त्याने विचारलं.

सगळं टेबल एकदम गप्प झालं. कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

“हे काय विचारणं झालं,” आजी म्हणाल्या. “ये जेवायला. तुझ्यासाठी थांबलोय.”

तो उठला.

“आणि हे बघ,” आजी म्हणाल्या, “येताना तुझी खुर्ची तेवढी घेऊन ये. सगळ्यांनी आपापली आणली आहे.”