सात नंबरचं पुस्तक

“काकांनी चोरी केलेली नाही, हे मला माहीत आहे,” प्रकाशकांची मुलगी म्हणाली. “पण ते स्वतः तसं म्हणत नाहीत. मान खाली घालून नुसते उभे राहतात. आणि चार वाजता बाबा पोलिसांना बोलावणार आहेत.”

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते.

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचा धाकटा दीर वही घेऊन त्यांच्याबरोबर फिरे. तो वहिनी म्हणे म्हणून सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले होते. त्या त्याला भावजी म्हणत, आणि भावजींना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागणार हे धरूनच चालत.

“काका म्हणजे कोण?”

“आमचे बाइंडर. छत्तीस वर्षं आमच्याकडे आहेत. सख्खे नाहीत, पण मला सायकल त्यांनीच शिकवली.”

मुलीने सगळं सांगितलं. प्रकाशन तिच्या आजोबांनी काढलं. बाजारातून नाहीशी झालेली पुस्तकं शोधायची आणि पुन्हा छापायची, एवढाच त्यांचा धंदा. प्रत्येक पुस्तकाची पाठ निळी, पाठीवर नंबर. जमवणारे लोक नावही घेत नाहीत, नंबरच बोलतात. बारा नंबरापायी दोन भावांचं बोलणं बंद झालं होतं.

सात नंबर छापून झालं आणि विक्रीआधीच गोदामात नळ फुटला. साऱ्या प्रती भिजून लगदा झाल्या. आजोबांच्या टेबलावर होती तेवढी एक प्रत वाचली. ती तिच्या बाबांच्या, म्हणजे आताच्या मालकांच्या, कपाटात असे. बुधवारी सकाळी कपाट उघडलं, तर ती नव्हती.

“बाबांनी सगळ्या कामगारांसमोर काकांना चोर म्हटलं. आदल्या संध्याकाळी बाबांच्या खोलीत शेवटचे तेच गेले होते. कापायची पुस्तकं आणायला.”

“कापायची?” भावजी दचकले. “पुस्तकं?”

“पुन्हा छापायचं तर पानं कॅमेऱ्याखाली सपाट बसायला हवीत. म्हणून जुन्या प्रतीची पाठ कापून पानं सुटी करतात. कापायच्या पुस्तकाला लाल धागा बांधलेला असतो. तो फक्त बाबा बांधतात. आजोबांचाच नियम आहे, धागा दिसला की विचारायचं नाही, कापायचं.”

मालकांच्या खोलीतलं कपाट जुनं पण भक्कम होतं. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. किल्ली मालकांच्या गळ्यातल्या साखळीला होती.

“आलात का कागदवाले? बसा,” मालक भावजींना म्हणाले.

मुलीने ओळख करून दिली. मालक जरा ओशाळले, मग सांगू लागले. मंगळवारी एक संग्राहक आला होता. त्याला सात नंबर दाखवलं आणि परत ठेवलं.

“नक्की परत ठेवलंत?”

“माझ्या हाताने! कुलूपही मीच लावलं. मी काय खोटं बोलतोय?” मालकांचा आवाज चढला. निघताना मात्र ते भावजींना प्रेमाने म्हणाले, “या वेळी कागद पातळ नको हं.”

“मी कागदवाल्यासारखा दिसतो का हो?” बाहेर आल्यावर भावजी कुरकुरले.

“नाही. म्हणूनच लिहून ठेवा.”

मालकांचे जावई, म्हणजे मुलीचा नवरा, खालच्या ऑफिसात बसले होते. त्यांनी लपवाछपवी केली नाही.

“मला एक पुस्तक चोरून काय करायचंय? मी तर अख्खं प्रकाशनच बंद करा म्हणतोय. मंगळवारी मी परगावी होतो, बुधवारी दुपारी आलो. आता तुमच्याने होत नाही म्हटलं की सासरे खवळतात. आणि बाइंडरकाका लगेच मध्ये पडतात, मालकांना काही झालेलं नाही म्हणून.”

संग्राहकाच्या घरात भिंतभर निळ्या पाठी होत्या. सहा आणि आठ यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी होती.

“चोरलेलं पुस्तक कुणाला दाखवता येत नाही,” तो म्हणाला. “आणि दाखवायचंच नाही तर जमवायचं कशाला? हो, मंगळवारी गेलो होतो. मालक फार हळवे झाले होते. नळ फुटल्याची गोष्ट दोनदा सांगितली. म्हणाले, हे कपाटात कुजण्यापेक्षा लोकांच्या हातात गेलं पाहिजे. मी निघालो तेव्हा पुस्तक टेबलावरच होतं.”

“कपाटात नाही?”

“टेबलावर.”

बाइंडिंगच्या खोलीत डिंकाचं मशीन घरघरत होतं. काका उंच, वाकलेले गृहस्थ होते. दाराशेजारच्या खिळ्यावर कापलेले लाल धागे लोंबत होते.

“हे कसले?”

“या महिन्यात कापलेल्या पुस्तकांचे. महिना संपला की टाकतो.”

वहिनींनी मोजले. पाच होते.

“हाताने पुस्तक शिवता का अजून?”

“मशीन आल्यापासून नाही. आठ वर्षं झाली.”

त्यांच्या नखांत गव्हाच्या पिठाची पांढरी खळ वाळून बसली होती. वहिनींची नजर तिथे गेलेली पाहून काकांनी हात मागे घेतले. “मला काही बोलायचं नाही, बाई.”

“बुधवारपासून जेवायच्या सुट्टीत दार लावून बसतात,” मुलगी बाहेर येऊन पुटपुटली. “आमच्यात जेवायला येत नाहीत. लोक म्हणतात, मन खातंय.”

कॅमेऱ्याच्या खोलीतल्या बाईंना वहिनींनी एकच प्रश्न विचारला. या महिन्यात कापलेली पुस्तकं किती आली? बाईंनी फळीवर पाहून सांगितलं, “चार.”

भावजींनी चार लिहिलं आणि वही मिटली. वहिनी मात्र जिन्यातच थांबल्या. त्यांना उत्तर सापडलं होतं आणि ते अजिबात आवडलं नव्हतं.

पावणेचारला सगळे मालकांच्या खोलीत जमले. वहिनी तोंड उघडणार तोच काका पुढे झाले.

“मीच नेलं पुस्तक. लिहून घ्या आणि संपवा.”

“नेलंत तुम्हीच,” वहिनी म्हणाल्या. “पण चोरलं नाहीत. पाच धागे कापलेत आणि कॅमेऱ्याच्या खोलीत पुस्तकं चारच गेली. पाचवं कुठलं?”

भावजींनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

“कुलूप फोडलेलं नाही, किल्ली एकच, ती मालकांच्या गळ्यात. म्हणजे पुस्तक मालकांनीच बाहेर काढलं. ते परत ठेवलं म्हणतात, पण संग्राहक निघाला तेव्हा ते टेबलावरच होतं. ते लोकांच्या हातात द्यायचं त्यांच्या मनात आलं होतं. या घरात जुनं पुस्तक लोकांच्या हातात द्यायची एकच रीत आहे. मालकांनी त्याला लाल धागा बांधला.”

“काहीतरीच!” मालक म्हणाले.

“काकांना वाटलं, सात नंबर अखेर पुन्हा निघतंय. नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी कापलं. सकाळी पानं कॅमेऱ्याकडे जाणार, तेवढ्यात तुम्ही चोर चोर म्हणून ओरडलात. तुम्हाला धागा बांधल्याचं आठवतच नव्हतं. एका भेटीत दोनदा माझ्या दिराला तुम्ही कागदवाला समजलात. तीच गोष्ट पाहुण्याला दोनदा सांगितलीत. काकांना हे कधीचं माहीत आहे. ते बोलले असते, तर जावईबापूंनी दुसऱ्याच दिवशी प्रकाशनाला टाळं लावलं असतं.”

“आणि दार लावून काय करतात?” भावजींनी विचारलं.

“मशीनचा डिंक जुन्या कागदाला खातो. म्हणून खळ. एकेका सुट्या पानाला कागदाची पट्टी चिकटवून ते पुस्तक पुन्हा शिवायचं चाललंय. ते गुपचूप कपाटात ठेवायचं, एवढाच त्यांचा गुन्हा. आणा काका.”

काकांनी आणलं. निम्मी पानं शिवलेली, निम्मी सुटी. मुलीला रडू आवरेना. जावयांनी “मी म्हणतच होतो” एवढंच म्हटलं, आणि तिच्याकडे पाहून खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला.

मालक पानांवरून हात फिरवत राहिले. ते घाबरले होते.

“मला खरंच आठवत नाही रे. तू सांगितलं का नाहीस?”

“सगळ्यांसमोर कसं सांगू, मालक?”

“मी तुला सगळ्यांसमोरच चोर म्हटलं ना?” मालक टेबलाला धरून उठले. “सगळ्यांना खाली बोलाव, पोरी. छपाईवाले, कॅमेऱ्याच्या बाई, सगळे.”

“उद्या बोलावू, बाबा. आज तुम्ही दमलात.”

“उद्या नको,” मालक म्हणाले. “उद्या मला हे आठवेल की नाही, कुणास ठाऊक. आत्ताच बोलाव.”

मुलगी धावत खाली गेली. मालकांना जिना उतरवायला काकांनी हात पुढे केला.