तीन खाचा

सरकारी क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हा नियम अण्णासाहेबांनी आर. के. पुरममध्ये तीस वर्षं पाळला. मग दिल्लीतल्याच द्वारकेत चौथ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट झाला, आणि त्यांनी सगळा वचपा काढला. घरातल्या एकूण एक भिंतीला छातीपर्यंत सागवानी फळ्या मारून घेतल्या. दर दिवाळीला स्वतः बसून त्यांना अळशीचं तेल चोळलं. लोक मुलांचे लाड करतात, अण्णासाहेबांनी भिंतींचे केले.

पुढे काचबिंदूनं त्यांची नजर गेली. तेव्हा त्यांच्या मुलानं, उन्मेषनं, पटाशी घेऊन फळ्यांवर खाचा पाडल्या. बाथरूमच्या दाराशी एक, स्वयंपाकघराशी दोन, उन्मेषच्या खोलीशी तीन. डावा तळवा लाकडाला टेकवून म्हातारा घरभर फिरे. पाच वर्षांत त्या उंचीवर एक काळपट पट्टा उमटला.

तीन खाचांशी ते दिवसातून दोनदा तरी येत. दार बंद असे, आत उन्मेषची ऑफिसची मीटिंग चाललेली. "नंतर, अण्णा," एवढंच तो आतून म्हणे. ते जरा वेळ उभे राहत आणि हात टेकत परत जात. काय सांगायचं असे, ते उन्मेषनं कधी विचारलं नाही. माघात अण्णासाहेब गेले आणि विचारायचं राहूनच गेलं.

चैत्रात त्यानं फळ्यांना पांढरा रंग द्यायचं काढलं. घर अंधारं वाटतं, हे कारण. खरं कारण तो पट्टा होता. तो दिसला की उन्मेषला जेवण जाईना.

"खाचा तरी राहू दे ना, यार," त्याची बायको इशिता म्हणाली.

"आता कुणाला लागतात?" तो म्हणाला, आणि पुट्टी त्यानं स्वतःच्या बोटानं भरली.

रंगाच्या पहिल्या हातानंतर पट्टा वर आला. पेंटरला नवल वाटलं नाही. "सागौन है साहब, बरसों तेल पिया है. छोड़ेगा ही." त्यानं आणखी दोन हात मारले. भिंती दुधासारख्या झाल्या.

आठ दिवसांनी डाग पुन्हा दिसला. अण्णासाहेबांच्या खोलीपासून निघालेला, तळहाताएवढा रुंद.

"उन्मेष, हा जुना पट्टा नाहीये," इशिता हळू म्हणाली.

तिचं खरं होतं. जुना पट्टा सरळ होता. हा बाथरूम ओलांडून पुढे गेला होता, कोपऱ्यातून मागे फिरला होता. स्वयंपाकघराशी तो वरखाली भरकटला होता. उन्मेषच्या दाराशी, जिथं पुट्टी भरली होती तिथं, सगळ्यात गडद होता. तिथूनही तो पुढे गेला होता.

"लाकूड आहे. तेल वर येतंय," उन्मेष म्हणाला. "रविवारी पेंटरला बोलावतो."

रविवारी सकाळी डाग चपलांच्या कपाटावरून मुख्य दारापर्यंत पोचला होता.

त्यानं दार उघडलं. बाहेर सोसायटीची भिंत. साधं प्लॅस्टर. तिथं लाकूड नव्हतं, तेल नव्हतं.

डाग तिथंही होता. जिन्याकडे वळलेला.

उन्मेष त्याच्यामागून उतरला. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दाराशेजारी, डाग थोडा दाट झाला होता. तिथं कुणी थांबलं होतं. खाचा चाचपून शोधल्या होत्या.

तळमजल्यावर भिंत संपते. पुढे पार्किंग.

तो पायऱ्या चढून धावत वर आला. पटाशी काढली, पुट्टी खरवडली, तिन्ही खाचा पहिल्याहून खोल केल्या. हाताला फोड आले तरी थांबला नाही. चुकलं माझं अण्णा, चुकलं, असं तो मोठ्यानं म्हणत होता, आणि इशितानं त्याला अडवलं नाही.

तेव्हापासून त्याच्या खोलीचं दार उघडं असतं. मीटिंगमध्येही. त्याच्या भिंतींवर नवा डाग आलेला नाही.

दोन आठवड्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सी टॉवरमधून एक फोटो आला. सातवा मजला, दाराशेजारी तळव्याचा डाग. 'किसके पेंटर का काम है?' उन्मेषनं फोटो मोठा करून पाहिला. डावा हात होता. तो तसाच सी टॉवरला गेला. भिंत पुसून घेतलेली होती.

काल एफ टॉवरच्या एका बाईंचा मेसेज आला. मुलगा घरूनच काम करतो, दुपारी दाराबाहेर कुणीतरी उभं असतं म्हणतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

आज त्याखाली त्यांनीच आणखी एक ओळ टाकली.

'बेटे ने दरवाज़ा खोल दिया. अब दाग़ अंदर है, उसके कमरे तक.'