चार फूट एक इंच

दाक्षायणी हत्तुरे रोज सकाळी साडेसातच्या बसने होटगी रस्त्यावर उतरायची आणि डोक्यावर पदर घेऊन अर्धा मैल चालत शेतावर जायची. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी सरकारने घेतलेलं ते शेत. चहूबाजूंनी तारेचं कुंपण, मध्ये पत्र्याचं ऑफिस, बाकी सगळी काळी, सपाट, भेगाळलेली जमीन. १९७३ चा एप्रिल होता. दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. ऑफिसातल्या रांजणात टँकरचं पाणी असायचं आणि त्याला डिझेलचा वास यायचा.

तिचं काम भेगा मोजण्याचं. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि आकसली की फाटते. किती खोल फाटते आणि त्या वाटेनं जमिनीतली ओल किती उडून जाते हे नीट कळलं, तर रब्बीच्या ज्वारीला कोळपणी कधी द्यायची ते शेतकऱ्याला सांगता येईल. शेताचे दहा तुकडे पाडले होते. प्रत्येकात पाच भेगा, प्रत्येक भेगेशी नंबराची खुंटी. तीस फूट पोलादी तार लाकडी फिरकीवर गुंडाळलेली असायची, टोकाला बोराएवढं शिशाचं वजन, दर फुटाला लाल खूण. वजन भेगेत सोडायचं. तळाला टेकलं की तार सैल पडायची. तो आकडा वहीत लिहायचा.

तार सोडायचं काम तिप्पण्णाकडे होतं. साठीचा, शेतावरचा सगळ्यांत जुना मजूर. बोलायचा कमी.

वीस तारखेला सातव्या तुकड्यातल्या तिसऱ्या भेगेपाशी तार थांबली नाही.

या शेतात काळी माती चार फूट, सव्वाचार फूट. खाली मुरूम, मुरमाखाली कातळ. मुरमाला भेग पडत नाही. दाक्षायणीनं पाच मोजले, सहा मोजले आणि पेन्सिल खाली ठेवली. नवव्या खुणेला तार सैल पडली. तळाला आपटल्यावर तारेतून बोटांना एक बारीक ठोका जाणवतो, तो जाणवला नव्हता. कुणीतरी खालून अलगद ओंजळीत घ्यावं तसं वजन हलकं झालं. ही उपमा आपल्याला का सुचली याचा तिला राग आला.

“पुन्हा सोडा,” ती म्हणाली.

तिप्पण्णानं तार वर घेतली, पण पुन्हा सोडली नाही. “चार फूट एक इंच लिवा की बाई.”

“तार नऊ फूट गेली.”

“व्हय. पर ह्या भेगंचं चार फूट एक इंचच लिवत्यात. आदीचे सायब बी तसंच लिवायचे.”

तिनं फिरकी त्याच्या हातातून घेतली. स्वतः तीनदा तार सोडली. नऊ फूट. नऊ फूट दोन इंच. नऊ फूट. भेगेची रुंदी तिनं पट्टीनं मोजली, चार बोटं भरली. मग रकान्यात काहीच न लिहिता ती पुढच्या खुंटीकडे गेली. दिवसभर तिचे हात स्वस्थ बसत नव्हते. वेणीचं टोक, पेन्सिलीचं टोपण, साडीची किनार, सापडेल ते ती पिळत राहिली.

चार बोटांच्या भेगेत माणूस जात नाही. हे वाक्य तिनं वीस वर्षं स्वतःला ऐकवलं होतं.

ती मूळची वळसंगची. १९५२ च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती आणि तिची बहीण, हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या घालणारी जगदेवी, तेरा वर्षांची. चुलीला जळण नव्हतं म्हणून चंद्रव्वानं, म्हणजे त्यांच्या आईनं, दोघींना रानात ज्वारीची धसकटं वेचायला पाठवलं. ऊन कलत होतं. दाक्षायणी एक चिवट धसकट उपटायला वाकली, ते मुळासकट निघालं, ती हसत वर बघायला लागली तर जगदेवी नव्हती. पाच पावलांवर तिची पाटी अर्धी भरलेली. दूरपर्यंत झाड नाही, बांध नाही, विहीर नाही. रान तळहातासारखं उघडं.

गावानं चार दिवस शोधलं. पोलीस आले. कुणी म्हणालं पळवली, कुणी म्हणालं पळाली. वडील सिद्धलिंगप्पा त्यानंतर कधी त्या रानात गेले नाहीत. पाटीशेजारी एक भेग होती. दाक्षायणीनं आईला ते सांगितलं तेव्हा चंद्रव्वानं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात ती एकदाच.

पाचव्या दिवशी दाक्षायणी एकटी तिथं गेली. कडब्याची ताटं एकाला एक बांधून तिनं भेगेत सोडली. दोन ताटं संपायच्या आत तळ लागला. ती तिथंच बसून खूप वेळ रडली, आणि ते रडणं सुटकेचं होतं. भेगेला तळ असतो. मग जगदेवी दुसरीकडेच कुठेतरी गेली असणार.

पुण्याच्या शेतकी कॉलेजात तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी. मातीच का, असं प्राध्यापकांनी विचारलं तेव्हा तिनं गावाकडच्या शेतीचं कारण सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. पुढे सोलापूरला भेगांचं काम निघालं. उन्हातलं, कंटाळवाणं, बढती न देणारं काम. ते तिनं अर्ज करून मागून घेतलं. चार महिन्यांत तिनं हजारो आकडे लिहिले होते. प्रत्येक भेगेला तळ होता. सातव्या तुकड्यातली तिसरी यंदाच्या उन्हाळ्यात फाटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. १९६१ पासूनच्या. तीन माणसांची अक्षरं होती, तीन शाया. बाकी भेगांचे आकडे दर उन्हाळ्याला वरखाली होत होते, जसे व्हायला हवेत. सातव्या तुकड्यातल्या तिसऱ्या भेगेपुढे मात्र एकच आकडा. चार फूट एक इंच. पावसाच्या वर्षी तोच, कोरड्या वर्षी तोच. तिसरं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. तिच्या रजेच्या अर्जांवर त्याच अक्षरात ‘मंजूर’ लिहिलेलं असायचं.

रावजी बाबर केंद्राचे प्रमुख होते. पन्नाशीचे, नेहमी पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कडक इस्त्री. तिनं त्यांच्या टेबलावर वही उघडी ठेवली.

“चला,” ते एवढंच म्हणाले.

भेगेपाशी त्यांनी उकिडवं बसून स्वतः तार सोडली. दाक्षायणी खुणा मोजत होती. अकरा. कालच्यापेक्षा दोन जास्त. बाबर साहेबांच्या मानेवरून घाम ओघळत कॉलरमध्ये गेला.

“चार फूट एक इंच,” ते म्हणाले.

“साहेब, अकरा फूट तार खाली आहे.”

“मुरूम कितीवर आहे?”

“चार फुटांवर.”

“मग भेग चारच फुटांची.” त्यांनी घाईघाईनं तार गुंडाळली आणि उठले. ऑफिसच्या वाटेवर अर्ध्यात थांबले. मागे न वळता बोलले. “हत्तुरेबाई, हे काम कुणी आपणहून मागत नाही. तुम्ही मागितलंत. मी तुम्हाला विचारलं नाही, का म्हणून.”

तिनं मागे वळून भेगेकडे पाहिलं.

“मीही मागून घेतलं होतं. आमची सांगोल्याकडची जमीन हलकी, पण ओढ्याकाठी एक काळी पट्टी होती. आमचा म्हाळू, माझा धाकटा भाऊ, तिथं मेंढरं घेऊन गेला. सात वर्षांचा. मेंढरं परत आली.” त्यांनी रुमालानं मान पुसली. “माझ्या आधी होते त्यांची बायको. त्यांच्या आधीच्यांचं मला माहीत नाही. आकडा बरोबर आहे. तो लिहिला की माणूस नोकरी करू शकतो.”

त्या आठवड्यात दाक्षायणीला जेवण जाईना. घरी चंद्रव्वा ताटावर बसून तिच्याकडे बघत राही. भेग रोज मोजली. तेरा फूट. सोळा. प्रत्येक वेळी वजन तसंच अलगद हलकं होत होतं.

शेवटी तिनं शास्त्रात जे करतात ते केलं. खड्डा घ्यायला लावला. तिप्पण्णा आणि गोजरबाई, दोघांनी दोन दिवस खणलं. सहा फूट खोल, एक भिंत नेमकी भेगेतून कापत जाणारी. गोजरबाई दुष्काळी कामावरची. तिनं भेगेच्या बाजूला पाठ करूनच घमेली उचलली. का, ते दाक्षायणीनं विचारलं नाही.

भिंत स्वच्छ झाली. भेग उभ्या काळ्या रेघेसारखी दिसत होती. वर रुंद, खाली निमुळती. चार फुटांवर पिवळा मुरूम सुरू होत होता आणि तिथं रेघ संपत होती. दाक्षायणीनं पट्टी लावली.

चार फूट एक इंच.

तिला हसू आलं. मुरमावर तिनं नखानं खरवडलं, मग खुरप्यानं. घट्ट. कुठं पोकळी नाही, उंदराचं बीळसुद्धा नाही. तिनं वर पाहिलं. तिप्पण्णाचं डोकं आभाळावर काळं दिसत होतं.

“भिंतीच्या अगदी काठानं तार सोडा. माझ्यासमोरून खाली आली पाहिजे.”

वजन तिच्या डोळ्यांसमोरून उतरलं. तार सरळ, ओळंब्यासारखी. एक फूट. दीड फूट.

तिथून खाली तार दिसत नव्हती.

ती तुटली नव्हती. वरची तार ताठ होती आणि पुढे सरकत होती. दीड फुटावर ती होती, त्याच्या खाली फक्त माती. दाक्षायणीनं तिथून बोट खाली फिरवलं. बोटाला धुळीशिवाय काही लागलं नाही.

“किती?” तिनं विचारलं.

“नऊ,” वरून तिप्पण्णा म्हणाला. “बारा. सतरा.”

मग तो थांबला.

“बाई, तार वढू नका.”

“मी हात लावलेला नाही.”

दूर रस्त्यावर एक टँकर गिअर बदलत गेला.

“तुमी वर या,” तिप्पण्णा म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा होता, म्हणून जास्त भीती वाटली. “आत्ता या.”

ती शिडीनं वर आली तेव्हा त्याच्या हातातली फिरकी फिरत होती. त्यानं ती सोडून दिली. तीस फूट तार संपली, फिरकी भेगेवर आडवी पडली, दोनदा खडखडली आणि थांबली.

दाक्षायणी जमिनीवर आडवी झाली. माती तापलेली होती. भेगेला तोंड लावून तिनं कानडीत, लहानपणच्या भाषेत, हळूच विचारलं, “यारू?”

कोण, एवढंच. उत्तर आलं नाही. पण फिरकीवरचा ताण गेला.

तार वर ओढताना ती हलकी वाटत होती. काळ्या भेगेतून आलेलं वजन कायम मातीनं माखलेलं असतं. हे स्वच्छ होतं. कुणीतरी पदरानं पुसून दिल्यासारखं.

संध्याकाळी तिनं वहीत लिहिलं: ‘तुकडा सात, भेग तीन. तीस फूट तार पुरली नाही. तळ लागला नाही.’ खाली सही केली आणि वही बाबर साहेबांच्या टेबलावर ठेवून घरी गेली. आता चौकशी होईल, बदली होईल, कदाचित डॉक्टरकडे पाठवतील. तिला पर्वा वाटेनाशी झाली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं पोटभर भाकरी खाल्ली. चंद्रव्वानं न विचारता आणखी एक वाढली.

सकाळी ती पोचली तेव्हा ऑफिसचं दार उघडं होतं आणि वही तिथंच पडलेली होती. तिच्या ओळीवर प्रमुखांची सही झाली होती. तिप्पण्णा फाटकाशी बसला होता, आत यायला तयार नव्हता.

“सायब कवाच आलेत,” तो म्हणाला.

बाबर साहेब सातव्या तुकड्यात पालथे पडले होते, खड्ड्यापलीकडच्या न कापलेल्या बाजूला. ती धावली. मग तिचे पाय मंदावले.

त्यांचा उजवा हात भेगेत होता. खांद्यापर्यंत.

भेग चार बोटं रुंद. तिनं स्वतः मोजलेली. तिच्या कडेची मातीसुद्धा ढासळली नव्हती.

“साहेब.”

“हळू बोला,” ते कुजबुजले. गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले, चेहरा ओला. “धरलाय. घट्ट धरलाय त्यानं.”

ती बसून राहिली. ऊन वर आलं. कितीतरी वेळानं त्यांनी सुस्कारा सोडला आणि हात सावकाश बाहेर आला. दंड, कोपर, मनगट. ओरखडा नाही. पांढऱ्या बाहीवर मातीचा डाग नाही. ते उठून बसले आणि हात छातीशी धरून तिच्याकडे लहान मुलासारखे बघू लागले.

“आमचा म्हाळूच,” ते म्हणाले. “बोटं ओळखली मी. चाळीस वर्षांनी ओळखली, हत्तुरेबाई. तेवढीच आहेत हो. लहान.”

“हो, साहेब,” ती म्हणाली.

तिनं त्यांना आधार देऊन उभं केलं. बाही झटकण्याचं निमित्त करून तिनं कफच्या बटणात अडकलेली वस्तू काढून मुठीत घेतली, आणि ती काय आहे ते त्यांना सांगितलं नाही.

हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता. ताजा फुटलेला.